दहा सेकंदांत अवयव म्हणे!

६क्ष² − क्ष − १२ चे अवयव पाडा. आठवीतलं साधं गणित. एका क्लासची छापील नोट आज मुलांच्या हातोहाती फिरतेय, ‘दहा सेकंदांत अवयव’, आणि त्यात उत्तर दिलंय (क्ष + ४/३)(क्ष − ३/२). घाईत पेन घसरलं असंही नाही. ठळक अक्षरात, चौकट आखून छापलंय!

अहो, ६ कुठे गेला?

६ गुणिले −१२ म्हणजे −७२. बेरीज −१ यायला जोडी ८ आणि −९. इथपर्यंत ठीक. आता मधलं पद फोडायचं, ६क्ष² + ८क्ष − ९क्ष − १२. पहिल्या दोन पदांतून २क्ष सामाईक, पुढच्या दोनांतून −३, की झालं २क्ष(३क्ष + ४) − ३(३क्ष + ४), म्हणजे (३क्ष + ४)(२क्ष − ३). एवढ्या दोन ओळी वाचवायला हे शिकवतात, ८ आणि −९ ला थेट ६ ने भागा आणि कंसात टाका. ते कंस परत गुणा बरं. क्ष² − क्ष/६ − २ येतं, म्हणजे दिलेल्या राशीचा सहावा हिस्सा. गुणायचाही कंटाळा असेल तर क्ष = १ ठेवा. मूळ राशी −७, खरे अवयव ७ गुणिले −१ म्हणजे −७, आणि चौकटीतलं उत्तर −७/६. छापण्याआधी एवढंही कुणाला करावंसं वाटलं नाही?

वर तोंड करून सांगतात, दहावीत चालतं. चालतं ते वर्गसमीकरणात! तिथे उजवीकडे शून्य असतं, दोन्ही बाजूंना ६ ने भागलं तरी शून्य शून्यच राहतं, मुळं −४/३ आणि ३/२ तीच येतात. नुसत्या राशीला उजवी बाजूच नाही, तर भागताय कशाला? मुलं हेच पेपरात लिहितात, गुण जातात, आणि पालक ती नोट नाचवत शाळेत भांडायला हजर.

पूर्ण रीत लिहिणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. −३ बाहेर काढतात पण आतलं चिन्ह बदलत नाहीत, −३(३क्ष − ४). कंस जुळत नाहीत हे दिसतं, तर पुढच्या ओळीत गुपचूप ३क्ष + ४ करून मोकळे. उत्तर बरोबर, मधली ओळ खोटी. आणि तपासणारे नुसती शेवटची ओळ बघून पैकीच्या पैकी देतात! चिन्हाची चूक मग दहावीपर्यंत मुक्कामाला.

(क्ष + ३)² = क्ष² + ९ बद्दल तर बोलायलाच नको. क्ष + ३ बाजूचा चौरस काढा, त्यात क्ष गुणिले ३ चे दोन आयत डोळ्यांना दिसतात, ते ६क्ष कुणी गिळले? अ³ − ब³ च्या दुसऱ्या कंसात अब एकदाच असतो, तिथे हमखास २अब घुसवतात. (क्ष² + ५क्ष + ६)/(क्ष² + ७क्ष + १२) दिसलं की वरच्या क्ष² ने खालचा क्ष² उडवतात, ६ ने १२ उडवतात. पदं उडत नसतात, अवयव उडतात! आधी (क्ष + २)(क्ष + ३) आणि (क्ष + ३)(क्ष + ४) करा, मग क्ष + ३ खुशाल उडवा.

१२क्ष² − २७ समोर आलं की ‘वर्ग नाहीत, अवयव पडत नाहीत’ लिहून पुढच्या गणितावर. ३ सामाईक काढायला काय होतं? ३(४क्ष² − ९), म्हणजे ३(२क्ष + ३)(२क्ष − ३). आणि क्ष⁴ − १६ ला (क्ष² + ४)(क्ष² − ४) लिहून खाली दोन रेघा मारणाऱ्यांनो, क्ष² − ४ अजून फुटायचा आहे, फोडा तो!