हा ठप्पा मारते कोन बे?

परवा रात्री जेवताना बाबांनी बातम्या लावल्या होत्या. त्या चॅनेलनं नवा सेट केलाय. जुनं काचेचं टेबल गेलं, अँकर आता उभा असतो, मागं भिंतभर एलईडी, पायाखाली पण एलईडी. थोड्या वेळानं ‘फॅक्ट चेक’ लागलं. आधी भिंग फिरलं, मग व्हॉट्सअॅपवरचा कुठलासा फोटो आला आणि त्यावर वरून लाल शिक्का आदळला. असत्य! आवाज एवढा मोठा की आई सैपाकघरातून बाहेर आली. बाबांनी भाकर मोडता मोडता विचारलं, “हा ठप्पा मारते कोन बे?”

मी नऊ वर्षं एका चॅनेलचा स्ट्रिंजर होतो, त्यामुळं टीव्हीतलं काहीही बिघडलं तरी बाबा मलाच विचारतात. म्हटलं, ग्राफिक्सवालं पोट्टं मारते. त्यांना ती थट्टा वाटली, पण ते खरंच तसं आहे. भिंग, शिक्का, तो आवाज हे सगळं एकदाच करून ठेवलेलं असतं. रोज फक्त आतला फोटो आणि मजकूर बदलतो. शिक्का बसायला काही सेकंद लागतात. तो फोटो कुठला, कधीचा, कोणी काढला हे शोधायला कधी दिवस जातो, कधी आठवडा. त्या दिवसाचं काही पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो शिक्का.

स्ट्रिंजर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाकडून चॅनेलला बातमी पाठवणारा माणूस, पण पगार नाही. बातमी लागली तर तिचे पैसे, नाही लागली तर राम राम. गाडी आपली, पेट्रोल आपलं, मोबाइल आपला. चॅनेलचं म्हणाल तर फक्त बूम, म्हणजे माइकवर लोगोचा तो ठोकळा असतो ना, तो. नऊ वर्षांत लोगो तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा नवा बूम कुरिअरनं आठवड्याच्या आत घरी आला. सोबत चिठ्ठी, की जुना बूम फ्रेममध्ये दिसता कामा नये. मानधन इतक्या तत्परतेनं कधी आलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. डिसेंबर 2024 संपता संपता बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळायला लागले. हात फिरवला की मूठभर केस हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, कोणी सुटलं नाही. जानेवारीत आरोग्य विभागाच्या टीम आल्या, पाण्याचे नमुने गेले, कातडीचे गेले, पुढे आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, माणसं आली. मी पहिल्या दोन दिवसांतच पोचलो होतो. एका घरात ओसरीवर बसून एका पोराचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, घेत होतो, तेवढ्यात चॅनेलच्या डेस्कवरून फोन. “व्हिज्युअल आले, मस्त आहेत. फोनो घेतोय, लाइनवर थांब.” फोनो म्हणजे बातमीदार फोनवरून थेट बोलतो ते. त्या घरात टीव्ही चालू होता. माझं तोंड उघडायच्या आधी प्लेट, म्हणजे पडद्यावरची मथळ्याची पाटी, लागलेली दिसली: टक्कल व्हायरसचा कहर! मागं एलईडीवर हिरवा काटेरी गोळा फिरत होता, बहुतेक कोरोनाच्या वेळचाच, रंग बदललेला.

मी फोनोवर म्हणालो, “डॉक्टर अजून कारण सांगत नाहीत, नमुने तपासायला गेले आहेत.” अँकर म्हणाला, “म्हणजे व्हायरसची शक्यता नाकारता येत नाही!” आणि धन्यवाद म्हणून लाइन कट. ओसरीवरची म्हातारी माझ्याकडं पाहत होती. “तू तं म्हनला माईत नाई, मंग तो कायले व्हायरस म्हून राह्यला?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतर काय झालं ते त्या गावच्या लोकांना विचारा. सलूनवाले परत पाठवायला लागले. सोयरिकी ठरवायला आलेले लोक चहा न घेता उठायला लागले. माझा स्वतःचा साळा आठ दिवस आमच्याकडं जेवला नाही, आणि आमचं गाव बोंडगावहून 22 किलोमीटरवर.

पुढं फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी, तेच विंचूदंशावरच्या उपचारांमुळं जगभर नाव झालेले महाडचे डॉक्टर, रक्ताचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेऊन सांगितलं की लोकांच्या अंगात सेलेनियम जास्त आहे, झिंक कमी आहे, आणि संशय रेशनच्या गव्हावर आहे. व्हायरस कुठंच नव्हता. त्या आठवड्यात त्याच चॅनेलनं फॅक्ट चेक केलं. भिंग फिरलं. ‘सोशल मीडियावर व्हायरल दावा: बुलडाण्यात टक्कल व्हायरस’. ठप्पा. असत्य.

सोशल मीडियावर! अरे, ते नाव गावानं तुमच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचलं होतं.

चूक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घाईत मीही दोनदा चुकीचं गाव सांगितलंय. पण भिंग नेहमी दुसऱ्याच्याच फोटोवर कसं फिरतं? जगभरच्या फॅक्ट चेकर संस्थांचं आयएफसीएन नावाचं नेटवर्क 2015 पासून आहे, अमेरिकेतल्या पॉइंटर इन्स्टिट्यूटचं. त्यांच्या आचारसंहितेत स्वतःच्या चुका उघडपणे दुरुस्त करायच्या ही अट आहे. ही अट शिक्क्याच्या डिझाइनमध्ये मात्र कुठं बसत नाही. बीबीसीनं मे 2023 मध्ये सुमारे 60 पत्रकारांची टीम काढून तिला ‘बीबीसी व्हेरिफाय’ असं नाव दिलं, तेव्हा तिकडंही लोकांनी विचारलंच, की मग बाकीचे काय करतात? तरी त्यांचं एक मला पटतं. नकाशा, सावलीची लांबी, व्हिडिओतला रस्ता, हे कसं शोधलं ते ते पडद्यावर दाखवतात. आपल्याकडं शोधणं गाळून फक्त निकाल दाखवतात.

आणि निकाल कोणी द्यायचा हाही प्रश्न आहेच. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल ऑनलाइन काय खोटं हे केंद्राच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, असा नियम केला होता. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. मग सप्टेंबरमध्ये तिसरं मत आलं न्या. अतुल चांदुरकरांचं, ज्यांनी नागपुरात अनेक वर्षं वकिली केली, आणि नियम रद्द झाला. बाबांचा प्रश्न तसा हायकोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे.

जुन्या दूरदर्शनच्या नावानं गळे काढणाऱ्यांतला मी नाही. प्रदीप भिडे शांतपणे वाचायचे, समोर कागद, ना टिकर, म्हणजे खाली पळणारी पट्टी, ना आग, ऐकायला छान वाटायचं. पण ती सरकारची बातमी होती आणि आमचा कापूस, आमच्या आत्महत्या तिथं क्वचितच यायच्या. सेट साधा असला की बातमी खरी, असं काही नसतं.

30 मे 2024 आठवतो? नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले. दिवसभर स्क्रीनवर ज्वाळा, अँकरच्या पायाशी भेगाळलेली जमीन. आकडा सरकारी यंत्राचा होता, म्हणजे सोर्स पक्का! पण नागपूर भागातलीच दुसरी दोन केंद्रं तेव्हा 44 च्या आसपास दाखवत होती. शेजारच्या वावरात पाऊस नाही आणि आपल्याच धुऱ्याच्या आत ढगफुटी, असं कोणी सांगितलं तर आमच्याकडं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ज्वाळा मात्र तोवर लागून गेल्या होत्या. 44 अंशाला कोण ज्वाळा लावणार, ते तर आमचं रोजचं आहे.

डेस्कवर माझे अजून दोन-चार मित्र आहेत, ते हे वाचतील. तुम्हाला सेट बदलता येत नाही हे मला माहीत आहे. पण पट्टीखाली एक बारीक ओळ द्या: माहिती कोणाकडून, किती वाजता, आपला माणूस तिथं गेला होता की नाही. ‘कारण अजून कळलेलं नाही’ अशी एक प्लेट करून ठेवा, तिलाही हवं तर आवाज द्या. आणि आमच्या गावाहून बोंडगावला जाऊन-येऊन 44 किलोमीटर होतात, लिटरभर पेट्रोल लागतं, शंभरेक रुपये, तेवढे स्ट्रिंजरला बातमी न लागताही देत जा. म्हणजे तो ‘इथं काही नाही’ हेसुद्धा सांगायला जाईल. आज ‘काही नाही’ सांगितलं की त्याचेच पैसे बुडतात.

राहता राहिलं माझं. जानेवारी 2025 च्या सात स्टोऱ्यांचं मानधन अजून यायचं आहे, त्यात टक्कलची पण एक आहे. त्या फॅक्ट चेकमध्ये शिक्क्याखाली जे व्हिज्युअल वापरले, ते मीच काढलेले होते. त्याचे वेगळे पैसे मिळतात का, कोणाला माहीत असेल तर सांगा.