रसायनशास्त्र मोडीत काढण्याची सोपी पद्धत

रसायनशास्त्र हे वेगळं शास्त्रच नव्हे, ते भौतिकशास्त्राचं एक लांबलेलं प्रकरण आहे, असं चारचौघांत ठणकावून सांगायचंय ना? मग आधी भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक पाठ करा. संपूर्ण रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत भौतिक नियम आता पूर्णपणे कळले आहेत, असं ते १९२९ मध्ये लिहून गेले. इथेच थांबा. हे नियम काटेकोर लावायला गेलं की समीकरणं सुटण्यापलीकडे किचकट होतात, असंही त्यांनी लगेच पुढे लिहिलंय. पण ते वाचून दाखवायचा ठेका तुम्ही घेतलेला नाही.

'मग सोडवून दाखवा' असं कुणी म्हणालंच, तर हायड्रोजनच्या रेणूकडे बोट दाखवा. हाइटलर आणि लंडन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये त्यातला बंध पुंजयांत्रिकीनं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या भौतिकशास्त्रानं, उलगडला. उरलेले सगळे पदार्थ म्हणजे 'वरीलप्रमाणे'.

फक्त दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांच्या वाटेला जाऊ नका. नऊ अणुकेंद्रकं, २६ इलेक्ट्रॉन. त्यांचं पुंजयांत्रिकीतलं पूर्ण समीकरण मांडा. मांडलंत? आता सांगा, हे इथेनॉलचं की डायमिथाइल ईथरचं? इथेनॉल ७८ अंश सेल्सियसला उकळतं, ईथर उणे २४ ला. एक बाटलीत मुकाट बसतं, दुसरा झाकण उघडताच वायू होऊन पसार. समीकरण मात्र दोघांचं एकच, अक्षरन् अक्षर तेच. अशा वेळी बॉर्न आणि ओपेनहायमर यांची युक्ती काढा: केंद्रकं जड नि संथ, तेव्हा ती जागच्या जागी खिळवायची आणि गणित इलेक्ट्रॉनपुरतं करायचं. मग दोन्ही रेणू ऊर्जेच्या आपापल्या खळग्यात, म्हणजे स्थिर मांडणीत, सापडतात. (खरंच सापडतात, युक्ती उत्तमच आहे.) केंद्रकांना असा पक्का ठावठिकाणा मूळ समीकरणानं दिला नव्हता, तो आपण हातानं घातला, याची वाच्यता नको. रेणूला आकार असलाच पाहिजे का, असं वूली या रसायनज्ञांनी १९७८ मध्येच विचारून ठेवलंय. हा विषय काढणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

आवर्तसारणी बेधडक आपली म्हणा. मेंडेलीव्हनं ती १८६९ मध्ये मांडली आणि न पाहिलेल्या गॅलियम-जर्मेनियमचे गुणधर्मही सांगितले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायला २८ वर्षं होती, तरी म्हणा. इलेक्ट्रॉनांच्या हिशेबानं हेलियम बेरिलियमच्या डोक्यावर शोभला असता, पण रसायनज्ञांनी त्याची वागणूक बघून त्याला निऑनच्या वर बसवलं. या आडमुठेपणाबद्दल हळहळ व्यक्त करा.

तरीही श्रोते बधले नाहीत, तर तत्त्वज्ञ कांटला आणा. रसायनशास्त्रात गणित बसत नाही, म्हणून ते खरं शास्त्र नव्हे, असा निकाल त्यानं १७८६ मध्ये दिला होता. आता त्यात गणित बसतं, म्हणून ते वेगळं शास्त्र नव्हे. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. फक्त एकाच दमात मांडू नका, निदान एक मध्यंतर तरी जाऊ द्या.