विकिपीडियाचं पान काढलं म्हणजे सैन्याचा अपमान झाला, हे धादांत खोटं आहे

रविवारची परेड आटोपून भाची घरी आली ती रडवेली. बेरेट टोपीवर लाल हॅकल, म्हणजे तुरा, तसाच, पायातले बूटही काढले नव्हते, हातात मोबाईल. तिनं आणि दोन मैत्रिणींनी त्यांच्या कॉलेजच्या एन.सी.सी. युनिटवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहिला होता. तो काढून टाकला गेला, आणि लगेच कॅडेट मुलांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागला. "मामा, आम्ही सैन्यातलेच ना? मग हा सैन्याचा अपमान नाही का?"

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: एन.सी.सी. युनिट हे सैन्याचंच युनिट, म्हणून प्रत्येकाचं पान हवंच. ते काढणारे देशविरोधी. परदेशातल्या विद्यार्थी तुकड्यांची पानं चालतात, आपलीच खुपतात. पान असलं की एसएसबीत, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, वजन पडतं. तेव्हा सगळ्यांनी नवी खाती उघडून लेख पुन्हा चढवा आणि त्यात प्रत्येक कॅडेटचं नाव, फोटो, मोबाईल नंबर टाका.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे माझं डोकं फिरलं. एन.सी.सी.च्या ज्युनिअर डिव्हिजनमध्ये आठवी-नववीची पोरं असतात. त्यांचे नंबर जगासमोर टाकायला सांगणारा माणूस कॅडेटचा हितचिंतक असूच शकत नाही. विकिपीडियावर एकदा जतन केलेला मजकूर नंतर खोडला तरी पानाच्या इतिहासात, जुन्या आवृत्तीत राहतो; तिथल्या प्रशासकांनी मुद्दाम लपवला नाही, तर कुणीही उघडून वाचू शकतं. शिवाय इतर साइट तो मजकूर उचलून नेतात, तो वेगळाच. भाचीच्या मोबाईलमध्ये तिच्या तुकडीतल्या मुलींची यादी टाईप करून तयार होती. समोर बसवून ती डिलीट करायला लावली. आणि नव्या खात्यांचं म्हणाल, तर एकाच कामासाठी उघडलेली अशी खाती ब्लॉक होतात, वर त्या नावानं पान तयार करण्यालाच कुलूप लागू शकतं. उद्या खरोखर लिहिण्याजोगं काही हाती लागलं तरी वाट अवघड होऊन बसते.

आता "सैन्याचंच युनिट". एन.सी.सी. उभी राहिली ती 1948च्या कायद्यानं. कॅडेट झाल्यामुळे कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन येत नाही, हे त्या कायद्यातच आहे. सैन्याचे अधिकारी येऊन शिकवतात, ड्रिल आणि फायरिंग होतं, हे सगळं खरं. पण देवळालीचं तोफखान्याचं स्कूल आणि कॉलेजच्या मैदानावरची आपली कंपनी यांत फरक आहे, आणि तो सांगण्यात कुणाचा अपमान नाही.

लेख का काढला, ते विकिपीडियाच्या नियमात स्वच्छ लिहिलंय. संस्थेशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे. मोठ्या संस्थेच्या स्थानिक शाखांना सहसा स्वतंत्र लेख मिळत नाही, त्यांची माहिती मूळ संस्थेच्या लेखात जाते. एन.सी.सी.वर लेख आहेच. भाचीच्या लेखाला चार संदर्भ होते: दोन युनिटच्याच फेसबुक पानाचे, एक कॉलेजच्या वेबसाइटचा, आणि एक "शिबिर उत्साहात संपन्न" ही बातमी, जी युनिटनंच पाठवलेल्या प्रेसनोटवरून जशीच्या तशी छापलेली. म्हणजे चारही वेळा युनिटच स्वतःबद्दल बोलतंय. उलट आमच्या नाशिकचंच भोसला मिलिटरी स्कूल बघा. डॉ. मुंजे यांनी 1937 साली काढलेल्या त्या शाळेवर बाहेरच्या अभ्यासकांनी लिहिलंय, कौतुकानं आणि टीकेनंही. इथे लागतं ते हे.

परदेशातल्या तुकड्यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करतो. टेक्सासच्या एका विद्यापीठातल्या कॅडेट दलावर लेख आहे, केंब्रिजच्या ऑफिसर ट्रेनिंग कोअरवरही आहे. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे 257 कॅडेट 15 मे 1864 रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या न्यू मार्केटच्या लढाईत उतरले, त्यातले 10 कामी आले. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. आपल्याकडे असं लिहून ठेवलं जात नाही, ही उणीव खरीच. पण ती आपली आहे, पान काढणाऱ्याची नाही.

एसएसबीचं तर सोडाच. एन.सी.सी.च्या "सी" सर्टिफिकेटवर अधिकारी भरतीच्या स्पेशल एन्ट्रीत लेखी परीक्षा टळते, मुलाखत तुम्हालाच द्यावी लागते. विकिपीडियाचं पान तिथे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट करण्यासारखी आहे. संदर्भ इंटरनेटवरचाच हवा असा नियम नाही, छापील चालतो. चीनच्या युद्धानंतर 1963 ते 1968 एन.सी.सी. कॉलेजात सक्तीची होती. तेव्हा नाशिकच्या मैदानांवर किती पोरं उभी राहत असतील! इथलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, 1840 पासूनचं आहे. त्या वर्षांची वर्तमानपत्रं तिथे बघायला मिळतात का, हे विचारायला या शनिवारी मी आणि भाची जाणार आहोत. कुणाच्या घरी त्या काळची कात्रणं असतील तर जपून ठेवा, आम्ही येऊन बघू.