‘कौतुकाने मुले बिघडतात’ या संदेशाबाबत खुलासा

खानापूर-बेळगाव परिसरातील पालकांत सध्या फिरणारा ‘कौतुकाने मुले बिघडतात, हे अमेरिकेतील संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हा संदेश दिशाभूल करणारा आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतील मानसशास्त्र-संशोधकांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाचवीतील ज्या मुलांच्या हुशारीची स्तुती झाली ती अपयशानंतर लवकर हिरमुसली, तर ज्यांच्या मेहनतीचे कौतुक झाले ती चिकाटीने कोडी सोडवत राहिली. प्रश्न कौतुक कशाचे करावे, एवढाच होता. मराठी शाळेत कन्नड मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलीच्या वहीत बाईंनी ‘काल चार चुका, आज एकच’ असे लिहिले, की ती वही घरभर कशी मिरवते, हे मी स्वतः पाहिले आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, ही कळकळीची विनंती.