बुलेटला सेल्फ बसवू इच्छिणाऱ्यांस काही उपयुक्त सूचना

1955 साली मद्रासला बुलेट बनू लागली. तेव्हापासून लोक ती पायाने चालू करत आले आणि कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. तुम्हाला वाटलं, अभिनंदन. गुडघा कुरकुरतो, पोट मध्ये येतं, सिग्नलला गाडी बंद पडली की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून मार्गदर्शन करतात, आणि शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी स्कूटरचं बटण दाबून तुमच्याकडे न बघता निघून जाते. अशा वेळी दोनच विचार सुचतात. गाडी विकावी, नाहीतर तिला सेल्फ बसवावा. विकणं सोपं आहे, म्हणून ते बाजूला ठेवू.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. गाडी किकने का चालू होत नाही, हे अजिबात शोधू नका. शोधलंत तर सापडेल, आणि मग सेल्फ बसवायला निमित्त उरणार नाही. जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट रुसते ती बहुधा ठरलेल्या कारणांनी: ठिणगी पाडणारे पॉइंट जळून काळे पडलेले, त्यांची गॅप पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांची, असायची ती भलतीच झालेली, कंडेन्सर मेलेला, ठिणगीचं टायमिंग सरकलेलं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा. चांगला मिस्त्री हे सगळं अर्ध्या दिवसात उरकतो आणि घेतो किती, तर चौघांच्या मटण थाळीचं बिल होईल तेवढे. एवढ्या स्वस्तात बरी होणारी गाडी कोणाला सांगण्यासारखी नसते.

शिवाय गाडी बरी झाली की किक मारायची पद्धतही शिकावी लागते. चावी फिरवायची, डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर, ओढून दोन-तीनदा मोकळी किक मारायची, मग डिकॉम्प्रेसर सोडून अँमीटरवर, म्हणजे हेडलाइटवरच्या करंट दाखवणाऱ्या काट्यावर, डोळा ठेवत किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा उणेकडे झुकलेला असतो, ते उघडले की मध्यावर येतो. तिथे थांबायचं, पुन्हा डिकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढे सरकवायची, पाय वर घेऊन किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग ॲक्सिलरेटरला हात न लावता एकच खाली. 346 सीसीचं, 90 मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन मग गुमान चालू होतं. ताकद लागत नाही. लागतो तो काट्याकडे बघण्याचा धीर, आणि तो आपल्याकडे असता तर आपण इथे आलो नसतो.

तर मोटर. कंपनीने पुढे काही मॉडेलना सेल्फ दिला, तेव्हा इंजिनाची डावी बाजू त्यासाठी वेगळी बनवली. आपल्या गाडीत ती सोय नाही, म्हणजे आपल्या कल्पकतेला वाव आहे. पुण्यात असाल तर नाना पेठेत चक्कर मारा, नशीब काढायचं असेल तर जुन्या बाजारात. कोणत्या गाडीची मोटर आहे हे विक्रेत्याला विचारू नका. तो सांगेल ती गाडी त्याने पाहिलेली नसते. मोटर गरगर फिरली की घ्या. मग कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एखादा लेथवाला गाठा. तिथल्या माणसांना 'हे होणार नाही' म्हणता येत नाही, हा त्यांचा मोठेपणा आणि आपली सोय. प्रायमरीचं, म्हणजे इंजिनाच्या डावीकडच्या चेनचं, कव्हर मधल्या एका मोठ्या नटावर बसतं, त्याला भोक पाडायला तो फार वेळ घेणार नाही. भोकातून ऑइल गळेल. बुलेट आहे, कोणी विचारणारही नाही.

आता बॅटरी. तुमची गाडी फारच जुनी असेल तर ती सहा व्होल्टची निघेल, म्हणजे आधी वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरपासून बल्बपर्यंत सगळं बदला आणि मग हा लेख पुढे वाचा. बारा व्होल्टची असेल तरी तिच्यातली बॅटरी दिवा आणि हॉर्न सांभाळण्यापुरती. जुन्या सेल्फवाल्या बुलेटला चौदा अँपिअर-अवरची लागते, आणि ती जुन्या पत्र्याच्या डब्यात मावत नाही. डबा कापा. कापलेला डबा बघून जुने बुलेटवाले हळहळतील, त्यांना हळहळू द्या.

1914 साली अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने हेच केलं होतं. हेंडी स्पेशल नावाच्या मोटरसायकलला इलेक्ट्रिक स्टार्टर, सोबतीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. बॅटऱ्यांनी मान टाकली आणि दुसऱ्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला. पण त्यांच्याकडे उद्यमनगर कुठे होतं?

कोणी तुम्हाला 1984 च्या कायनेटिक होंडाचं उदाहरण देईल. बटण दाबलं की चालू, अर्ध्या महाराष्ट्राने वापरली, कुठे काय बिघडलं? खरं आहे. पण ती स्कूटर बटणासाठीच जन्मली होती आणि तिचं इंजिन होतं शंभर सीसीच्या आतबाहेर. आपल्याला साडेतीनशेचा एक भलामोठा पिस्टन, थंडीत, घट्ट झालेल्या ऑइलमधून वर ढकलायचा आहे. मोटर त्या क्षणी किती करंट ओढेल, याचा हिशोब करू नका. जुना अल्टरनेटर तेवढं परत कधी भरणार, याचा तर मुळीच नको. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, मध्ये आठ सिग्नल, रात्री हेडलाइट. काटा सबंध रस्ता उणेकडे बघत बसतो, त्याला बसू दे. बॅटरी चार्ज करून देणाऱ्याशी मात्र ओळख वाढवा, त्याच्या मुलाच्या बारशाला जा.

वायरिंग करताना मिस्त्री म्हणेल, मोटरची जाड वायर बॅटरीपासून रिलेमधून थेट न्यायची असते. ऐकू नका. ती अँमीटरमधूनच न्या. काटा तसाही वर्षानुवर्षं जागच्या जागी थरथरून कंटाळलेला आहे, त्याला आयुष्यात एकदा पूर्ण वळसा घेऊ द्या. हेडलाइटच्या टोपणातून धूर आला तर सेल्फचा करंट चांगला आहे असं समजा.

स्प्रॅगबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मोटर आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) यांच्यामध्ये हा एकतर्फी क्लच असतो. मोटर फिरली की तो क्रँकला धरतो, इंजिन स्वतः पळू लागलं की सोडतो. पण टायमिंग फार आधीचं असेल तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बऱ्याच आधी पडते आणि इंजिन उलटा झटका देतं. पूर्वी हा झटका तुमच्या घोट्याला बसायचा. आता मोटर पुढे ढकलतेय, क्रँक मागे येतोय आणि मध्ये स्प्रॅग, सासू आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या नवऱ्यासारखा. त्याचे तुकडे पडले की आतून किर्र आवाज येतो, मोटर फिरते आणि इंजिन ढिम्म. कंपनीने बसवलेल्या सेल्फमध्येसुद्धा हे झालेलं आहे, तेव्हा आपल्यात झालं तर कमीपणा नको. टायमिंग मात्र होतं तिथेच ठेवा, ते तपासायचं नाही हे आपलं ठरलंय.

डिकॉम्प्रेसरची लिव्हर आता शोभेपुरती, काढून टाका. नंतरच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) सेल्फ मारताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपोआप किंचित उघडा राहतो आणि मोटरचा भार हलका होतो. तीच सोय आपल्या लिव्हरने हाताने होत होती. पण बटण दाबून वर लिव्हरही ओढायची, तर मग बटण कशाला? आणि आता किकचं काय काम? तीही उतरवा, पोत्यात घाला आणि माळ्यावर टाका. किक असली की माणूस अडचणीत तिच्याकडे वळतो. ती नसली की गल्लीतली पोरं धावून येतात आणि धक्का मारतात. एवढ्या लोकांशी बोलणं एरवी कधी होतं का?

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं. तुमचा बदल त्यात बसतो की नाही, हे आरटीओला आधी विचारू नका. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीच्या फेरनोंदणीला जाल तेव्हा इन्स्पेक्टर स्वतःच विचारेल. वर विचारेल, की चालू करून दाखवा.

पावसाळा संपेपर्यंत तुम्ही गाडी विकायला काढाल. जाहिरातीत 'बटण स्टार्ट' ठळक लिहा, बॅटरी नवीन आहे म्हणा, ते नेहमीच खरं असेल. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गाडी गरम करून ठेवा. बहुतेकांना एवढं पुरतं. पण एखादा असा येईल की सायलेन्सरला हात लावून बघेल आणि म्हणेल, गार होऊ द्या, मला घाई नाही. चहा घेईल. मग खाली बसेल, पॉइंटचं झाकण उघडेल, पाकिटातून एक व्हिजिटिंग कार्ड काढून पॉइंटमधून दोनदा फिरवेल, स्क्रू जरासा हलवेल, झाकण लावेल, उभा राहील, उजवा पाय उचलेल आणि खाली बघत विचारेल, किक कुठंय?

किकचे पैसे वेगळे सांगा.