जगात जर्मनी, गळ्यात मँचेस्टर

2025 साली गणपती बसले त्या रात्री आमच्या गल्लीतल्या मंडळाला पेंडॉलमध्ये राखण करायला माणूस पाहिजे होता. मी हात वर केला. मंडळाची पोरं चकित झाली, याला कधीपासून भक्ती सुचली म्हणून. बायको मात्र चकित झाली नाही. तिने फक्त विचारलं, "मॅच किती वाजता आहे?"

साडेबाराला होती. इंग्लंडचा फुटबॉल: ग्रिम्सबी टाउन विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, लीग कप, दुसरी फेरी. घरात महालक्ष्म्यांच्या तयारीला सासूबाई आलेल्या, त्यामुळे मध्यरात्री "अरे मार की!" म्हणून ओरडायची सोय नव्हती. बाप्पासमोर ओरडलं तर तो बिचारा काही बोलत नाही.

घोळ एवढाच झाला की अण्णांनीही हात वर केला.

अण्णांचा जन्म जिनिंगमध्ये गेला. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ते ग्रेडर होते. गाडीतला चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढायचे आणि धागा सांगायचे. आता कापूस गेला, पण बोटांची सवय राहिली. समोर येईल त्या माणसाला ते तसंच ओढून बघतात. झोप त्यांना येत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी मोबाइल आरतीच्या ताटाला टेकवून ठेवला. अण्णा खुर्ची सरकवत आले.

"काय बघू लालास?"

"फुटबॉल, अण्णा."

"आपले कोणते?"

"मँचेस्टर."

अण्णा खूश झाले. "मँचेस्टर? गिरण्यांचं गाव! आपल्या हिंदुस्थानातून कापूस जायचा तिकडं, गाठीच्या गाठी. आन् समोर कोण हाय?"

"ग्रिम्सबी. मासेमारीचं बंदर आहे, अण्णा. चौथ्या पातळीवरची टीम. म्हणजे आपलं जिल्ह्याचं गाव धरलं तर ते वाडी-तांडा समजा."

एवढं मी बोलायला नको होतं.

बाविसाव्या मिनिटाला ग्रिम्सबीने गोल केला, तिसाव्याला दुसरा. मी कपाळाला हात लावला. अण्णा पुढे वाकले. "हे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तांड्यावरचे ना?"

"होय."

"लई चपळ हायत की!" मग जरा थांबून, खाजगीत विचारावं तशा आवाजात, "मला एक सांग लेकरा. जगात जर्मनी, भारतात परभणी. हे सगळ्या दुनियेला ठावं हाय. मग परभणीचा माणूस असून तू जर्मनी सोडून इंग्रजाच्या नादी कामून लागलास?"

"अण्णा, जर्मनी देश आहे, हा क्लब आहे."

"जर्मनीनं कप जिंकला का नाही?"

"चार वेळा. पण 2018 ला आणि 2022 ला पहिल्याच फेरीत घरी गेली."

"जाऊ दे. हारली तरी मशिनी चांगल्या बनवती."

यावर काय बोलणार? इंग्रजाच्या नादी मी 2008 साली लागलो. औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच होतं) हॉस्टेलवर पंधरा-वीस पोरं एका टीव्हीसमोर बसलो होतो, चॅम्पियन्स लीगची फायनल, मॉस्कोत पाऊस पडत होता, चेल्सीच्या जॉन टेरीचा पाय घसरला आणि आम्ही पेनल्टीवर युरोपचे राजे झालो. त्या रात्री मेसच्या आचाऱ्याला उठवून पोहे करायला लावले. एका रात्रीच्या पोह्यांचं व्याज मी अजून फेडतो आहे.

2013 ला आमचे कोच फर्ग्युसन साहेब क्लबला विसावी लीग जिंकून देऊन घरी गेले. तेव्हापासून आमची दुबार पेरणी चालू आहे. मोयेस पेरला, उगवला नाही. व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग. प्रत्येक वेळी बियाणं नामांकित, पिशवीवर टपोऱ्या कणसाचं चित्र, आणि शेतात काँग्रेस गवत. 2024-25 च्या हंगामात पंधरावा नंबर, 42 गुण. पैसेवारी पन्नासच्या आत आली, पण दुष्काळ जाहीर करायला कोणी तयार नाही.

तरी ऑगस्ट आला की मी सुधारतो. हे माझ्या हातात नाही. कुन्या, म्बेमो, शेश्को, तिघे नवे खेळाडू. वीस कोटी पौंडांच्या वरचं बियाणं त्या साली घेतलं. पुढची फळीच नवी. मृग निघाल्यावर कृषी केंद्रासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला "गेल्या साली काय झालं होतं?" असं विचारत नसतात. औंदा सोळा आणे. आर्सेनलकडून 1-0 हरलो तरी खेळ चांगला होता. फुलमविरुद्ध कप्तानाने पेनल्टी आभाळात मारली, पण आधी त्याला रेफ्रीचाच धक्का लागला होता. मॅच 1-1 सुटली. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं.

ग्रिम्सबीचं कारण मात्र अजून सापडलं नाही.

पंचाहत्तराव्या मिनिटाला म्बेमो, एकोणनव्वदाव्याला मग्वायर. 2-2! मी ओरडलो. समोरच्या माडीवर दिवा लागला. अण्णा शांत होते. म्हणाले, "तुमचा कोच कुठं हाय?"

कोच अमोरिम साहेब खाली बसून पाटीवर चुंबकाच्या सोंगट्या सरकवत होते. "हे तर पट खेळू लाले," अण्णा म्हणाले.

मग पेनल्टी आल्या. मी बाप्पासमोर हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तर अण्णाही उभे, हातात दूर्वांची जुडी.

"अण्णा, आपल्यासाठी ना?"

"कोणत्या आपल्यासाठी? तूच म्हणलास ना, मासळीवाले गरीब हायत. बाप्पा गरिबाकडं बघंल का गिरणीवाल्याकडं?" आणि माझ्यादेखत, मी राखण करत असलेल्या गणपतीला, माझ्या टीमच्या विरोधात त्यांनी दूर्वा वाहिल्या.

सव्वीस पेनल्टी झाल्या. अण्णा मोजायला खडीसाखर मांडत होते. कुन्याची आत गेली असती तर तिथंच मिटलं असतं, गोलकीपरने अडवली. मारता मारता सगळे मारून झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी म्बेमोची आडव्या दांडीवर आदळली. 12-11. अण्णांनी मोजणीची खडीसाखर गोळा केली, त्यातलाच एक खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "प्रसाद."

तो मी खाल्ला. राग याचाच जास्त येतो.

सकाळच्या आरतीला सगळ्या गल्लीला माहीत होतं. "काय, मासळी बाधली म्हणे?" ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नाही, ते मला डिफेन्स शिकवू लागले. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकवायचं तर पोरांना शिकवा. पण पोरांनी खेळायचं कुठं? आमच्याकडे मोकळं मैदान दिसलं की तिथं सभा, सभा संपली की आनंदमेळावा, मेळावा उठला की खिळे. माझा पुतण्या चेंडू घेऊन जातो आणि पायात खिळा घेऊन येतो. टिटॅनसच्या इंजेक्शनाला गर्दी असते आमच्या गावात, फुटबॉलला नाही. जाऊ द्या.

पुढे कळलं की ग्रिम्सबीने एका खेळाडूची नोंदणी मुदत टळल्यावर केली होती. क्लबला 20,000 पौंड दंड झाला. मी धावत अण्णांकडे गेलो. निकाल रद्द होईल, अशी माझी एक कोवळी आशा. अण्णांनी ऐकून घेतलं. "किती उशीर झाला?"

"मिनिट-दोन मिनिटं."

"आन् निकाल?"

"तोच राहिला."

"बघ," अण्णा म्हणाले, "माझा पीक विम्याचा फॉर्म असाच शेवटच्या दिवशी अडकला. तिथं पोर्टल बंद. यांना निस्ता दंड. राज्य असावं तर मासळीवाल्यांसारखं."

मधल्या काळात बर्नलीला आम्ही 3-2 हरवलं, तेही सत्त्याण्णवाव्या मिनिटाच्या पेनल्टीवर. पुढची मॅच 14 सप्टेंबरला सिटीशी होती. मी पुन्हा सुधारलो. ओट्यावर अण्णांना म्हटलं, "या रविवारी बघा आमचा खेळ. सिटीशी आहे."

"ते कुठलं गाव?"

"तेही मँचेस्टरच."

"मग तुमची तुम्ही बघा," अण्णा म्हणाले. "आपल्या ग्रिम्सबीची कवा हाय?"

"पुढच्या फेरीत शेफील्ड वेन्सडे."

"शेफील्ड? सुऱ्या-कात्र्यांचं गाव!" अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. "त्या रात्री मोबाइल चार्ज करून आण. दूर्वांचं मी बघतो."