बायोकेमिस्ट्री परवडेल, पण कोणत्या कर्जावर?

कर्ज काढून मूलभूत विज्ञान शिकावे का, हा वाद पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांशी बोलताना हटकून निघतो. एका पक्षाचे म्हणणे असे की बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे जीवरसायनशास्त्रात, पीएचडी होईपर्यंत धड पगार नाही, तेव्हा कर्ज काढायचेच तर इंजिनिअरिंगसाठी काढावे. दुसरा पक्ष इंग्लंडचा दाखला देतो: तिथली मुले पन्नास लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन हेच विषय शिकतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. मी इंग्लंडमध्येच प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि मला दोघांचाही हिशेब अपुरा वाटतो. पगार आणि कर्जाची रक्कम ते शेजारी-शेजारी मांडतात. फेडीच्या अटीकडे मात्र कोणी पाहत नाही.

इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यासाठी २०२५-२६ मध्ये पदवीचे वार्षिक शुल्क कमाल ९,५३५ पौंड होते. राहण्या-खाण्याचे कर्ज धरले तर तीन वर्षांत ४५,००० पौंडांचा आकडा सहज गाठला जातो. परंतु ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांच्या कर्जाची अट अशी आहे की वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेले, तर वरच्या रकमेवर ९ टक्के कापले जातात, उत्पन्न त्याहून कमी असेल तर काहीच नाही, आणि ४० वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. समजा, ३१,००० पौंडांवर नोकरी लागली, तर महिन्याला ४५ पौंड जातात. पगाराच्या पावतीवर प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठीची सक्तीची कपात) यांच्याखाली ही आणखी एक ओळ असते. नोकरी गेली की कपात थांबते. वसुलीवाला दारात येत नाही आणि आईवडिलांचे घरही तारण नसते.

बायोकेमिस्ट्रीला ही रचना विशेष मानवते, कारण या विषयातली कमाई उशिरा सुरू होते. पदवीनंतर सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बायोमेडिकल सायंटिस्ट व्हावे म्हटले, तर सुरुवातीचा पगार २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड होता. पण बायोकेमिस्ट्रीच्या अनेक पदव्यांना त्यासाठीची व्यावसायिक मान्यता नसते, त्यामुळे जादा विषय पूर्ण करा, रुग्णालयात प्रशिक्षण घ्या, मग नोंदणी करा, असे सोपस्कार मागे लागतात. पीएचडीला गेलात तर सरकारी संशोधन मंडळाची किमान विद्यावृत्ती २०२५-२६ मध्ये २०,७८० पौंड होती. ती करमुक्त असते आणि फेडीसाठी उत्पन्न म्हणून धरली जात नाही. व्याज चढत राहते, पण हप्ता नाही.

म्हणून इंग्लंडची पद्धत आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. मधल्या पगाराचा माणूस वयाच्या साठीपर्यंत भरत राहतो, तर मोठ्या पगाराचा लवकर फेडून मोकळा होतो. शिवाय अटी सरकारच्या हातात. २०२३ च्या आधी शिकायला लागलेल्यांच्या योजनेतली उत्पन्नमर्यादा २०२१ पासून २०२५ पर्यंत २७,२९५ पौंडांवरच गोठवून ठेवली होती. त्या काळात महागाईमुळे पगार वाढले आणि त्यासोबत कपातही वाढली.

आता आपल्याकडून एक वर्षाच्या एमएस्सीसाठी इंग्लंडला येणाऱ्याचे पाहा. घरचे पैसे घालूनही त्याला बँकेकडून ३० लाख घ्यावे लागले, असे धरू. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे वर्ष संपले की हप्ता सुरू. ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर तो महिन्याला ४१,००० रुपयांच्या वर जातो, आणि हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या सवलतीच्या काळातले व्याज वेगळेच. एवढ्या रकमेला बँका बहुधा फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट तारण मागतात आणि वडिलांना सहकर्जदार करून घेतात. इथेच राहून फेडू म्हणावे, तर शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्षाचा मिळणार आहे आणि पुढच्या नोकरीच्या व्हिसाला नवख्यांसाठीच्या सवलतीनंतरही साधारणपणे किमान ३३,४०० पौंड पगार लागतो. परत जाऊन नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधन करू म्हणावे, तर जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन विद्यावृत्तीचे) मासिक ३७,००० रुपये हप्त्यालाही पुरत नाहीत. म्हणजे ज्या विषयात धीर धरण्याला किंमत आहे, त्याच विषयात हे कर्ज धीर धरू देत नाही.

सरकारने काहीच केलेले नाही, असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. महाराष्ट्राने त्याच वर्षी पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. दोन्ही चांगलेच; पण हप्ता पगारावर ठरावा, ही मागणी कर्जमाफीच्या घोषणांत कुठे ऐकू येत नाही. ती अमलात आणणे सोपे नाही, हेही खरे. इंग्लंडमध्ये मालक पगारातूनच रक्कम कापून करखात्याकडे भरतो; आपल्याकडे रोखीने पगार घेणाऱ्याचे उत्पन्न कोण मोजणार?

ती सोय होईपर्यंत बायोकेमिस्ट्रीची आवड असलेल्या मुलाने बीएस्सी-एमएस्सी देशातच स्वस्तात करावी आणि परदेशी यायचे ते पीएचडीला, तेही शुल्क आणि विद्यावृत्ती दोन्ही मिळत असतील तरच. अशा जागांसाठी चुरस फार असते आणि एक-दोन वर्षे वाट पाहावी लागते; पण त्या काळात निदान हप्ता तरी चालू नसतो.